बंदीनंतरची बारा वर्षे: आखातातील उंटस्वार मुलांचे प्रकरण

संयुक्त अरब अमिरातीत उंटांच्या शर्यतीत लहान मुलांना स्वार म्हणून बसवण्यावर 1993 साली बंदी आली. 2002 साली ती नव्याने जाहीर झाली, या खेपेस वय, वजन आणि दंड यांच्या आकड्यांसह. तरीही मे 2005 मध्ये युनिसेफशी करार होऊन मुलांना मायदेशी पाठवण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा वाळवंटातील उंटांच्या तळांवरून हजाराहून अधिक मुले बाहेर निघाली. त्यांतली कित्येक पहिल्या बंदीच्या वेळी जन्मलीही नव्हती. म्हणजे ती आणली गेली, हातोहात दिली-घेतली गेली आणि उंटावर बसवली गेली, ती बंदी कागदावर असतानाच.

संख्येच्या दृष्टीने हे प्रकरण मोठे नाही. वीटभट्ट्या, खाणी, शेती आणि मासेमारी यांत अडकलेल्या मुलांपुढे उंटस्वार मुलांचा आकडा किरकोळ ठरेल. परंतु मागणी, पुरवठा, सरहद्द ओलांडणे, प्रत्यक्ष काम, कायदा, सुटका आणि पुनर्वसन या सगळ्या कड्या येथे इतक्या उघड्या दिसतात की अभ्यासाला याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. शिवाय ही साखळी अखेरीस बऱ्याच अंशी तुटली, हेही येथे पाहता येते. ती कशाने तुटली, हा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की पहिल्या दोन्ही बंद्यांच्या अंमलात मुलाचे कागदावरचे वयच काय ते पाहिले गेले, तर धंदा चालत होता वजनावर; आणि हलक्या शरीराची गरजच काढून घेतली जाईपर्यंत कायद्याच्या हाती फारसे काही लागले नाही.

हलक्या स्वाराची मागणी

अरबी द्वीपकल्पात उंट पळवण्याची हौस जुनी आहे. लग्नकार्यात, सणाला, टोळ्यांच्या मेळाव्यात बेदुईन, म्हणजे वाळवंटातील भटकी, कुटुंबे आपले उंट पळवत आणि उंटावर बहुधा घरचाच एखादा मुलगा बसे. तेलाचा पैसा आल्यानंतर, 1970 आणि 1980च्या दशकांत, या हौशीचे रूपांतर संघटित खेळात झाले. दुबईत नाद अल शेबा आणि अबुधाबीजवळ अल वथबा येथे आखीव धावपट्ट्या आल्या, दूरचित्रवाणीवरून शर्यती दिसू लागल्या, विजेत्यांना महागड्या मोटारी आणि सोन्याच्या तलवारी मिळू लागल्या. इस्लामी कायद्यानुसार जुगाराला मनाई असल्याने सट्ट्याचा पैसा येथे नव्हता. मालकाचा लाभ होता तो प्रतिष्ठेत, बक्षिसात आणि जिंकलेल्या जनावराच्या वाढलेल्या किमतीत.

शर्यतीचे अंतर साधारणपणे चार ते दहा किलोमीटर असते. एवढ्या अंतरात पाठीवरचा प्रत्येक किलो जनावराला जाणवतो, पण स्वारावाचून उंट नीट पळतही नाही. त्याला आवाज आणि चाबूक दोन्ही लागतात. घोड्यांच्या शर्यतीत कोणत्या घोड्यावर किती वजन असावे हे आधी ठरवून दिलेले असते आणि जॉकी हलका असेल तर खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरून काढले जाते. उंटांच्या शर्यतीत असा अंकुश प्रत्यक्षात नव्हता. परिणाम उघड होता: जो मालक अधिक हलका स्वार आणील त्याची सरशी. मग दहा वर्षांच्या मुलाऐवजी आठ वर्षांचा, आठाऐवजी सहाचा आणि शेवटी चार-पाच वर्षांचा, अशी ही घसरण चालली. एखाद्या मालकाच्या मनात आले असते, तरी एकट्याने मोठा स्वार बसवणे म्हणजे हार पत्करणे होते. सगळ्यांना एकाच वेळी लागू पडेल असा बदल झाला तरच कोणीही थांबणार, अशी ही रचना होती, आणि पुढे जे घडले ते समजून घेण्यासाठी हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

दरम्यान स्थानिक कुटुंबांची परिस्थिती पालटली होती. त्यांची मुले शाळेत जाऊ लागली आणि हाडे मोडण्याच्या या कामासाठी आपली मुले देण्याची गरज त्यांना उरली नाही. ती जागा परक्या मुलांनी भरून काढली.

मुले येण्याच्या वाटा

ही मुले मुख्यतः पाकिस्तान, बांगलादेश, सुदान आणि मॉरिटानिया या चार देशांतून येत. 1990च्या दशकातील नोंदींत भारतातील मुलांचाही उल्लेख आढळतो. परंतु 'गरीब देशांतून मुले आणली' एवढ्याने काही कळत नाही. गरीब गावे सर्वत्र आहेत, मुले मात्र ठरावीक पट्ट्यांतूनच येत होती, आणि त्या पट्ट्यांचे आखाताशी आधीपासून काहीतरी नाते होते. पाकिस्तानातून येणारी बरीच मुले दक्षिण पंजाबातील रहीम यार खान आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतली होती. याच भागात अमिरातीचे शासक अनेक वर्षे हिवाळ्यात तिलोर पक्ष्याच्या शिकारीसाठी येत असत. रहीम यार खानचा विमानतळ आणि तेथील मोठे रुग्णालय यांना अमिरातीचे संस्थापक अध्यक्ष शेख झायेद यांचे नाव आहे. त्यामुळे आखातात कोणाकडे काम आहे, कोणाला माणसे लागतात आणि कोणाच्या ओळखीने व्हिसा मिळतो, याची माहिती तेथे गावोगाव होती. सुदानातील पुरवठा कसाला परिसरातून होत असे. तेथील रशायदा टोळी मुळात अरबस्तानातून तांबडा समुद्र ओलांडून आलेली, उंट पाळणारी, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरील आप्तसंबंध टिकवून असलेली. तेथे अनोळखी दलालाची गरजच फारशी नव्हती. नातेवाईकच मुलाला घेऊन जात.

पद्धती तीन प्रकारच्या होत्या. काही मुलांना सरळ पळवून नेले जाई. काहींच्या आईबापांना उचल देऊन किंवा महिन्याला पैसे पाठवण्याचे आश्वासन देऊन मूल ताब्यात घेतले जाई. 'उंट सांभाळायचे हलके काम आहे' एवढेच त्यांना सांगितलेले असे. तिसऱ्या प्रकारात बापच मजूर म्हणून मुलांसह तळावर येई आणि मुलाला उंटावर बसवून त्याची कमाई घेई. बाल हक्कांवर काम करणाऱ्यांना हा तिसरा प्रकार सर्वांत अवघड जातो, कारण तेथे गुन्हेगार आणि पालक एकच असतो.

सरहद्द ओलांडण्याची युक्ती तर अगदी साधी होती. त्या काळी पाकिस्तानात आईबापांच्या पासपोर्टवरच लहान मुलांची नावे घालता येत. दलाल एखादे जोडपे उभे करी, त्यांच्या पासपोर्टवर दोन-तीन परकी मुले 'आपली' म्हणून चढवी आणि विमानतळावर एक कुटुंब म्हणून सगळे पार होत. अधिकाऱ्यासमोर मूल रडले तरी शंका येत नसे. आईच्या कडेवर रडणारे मूल ही काही संशयाची गोष्ट नव्हे. तळावर पोहोचल्यावर हेच बनावट आईबाप त्या मुलांचे 'पालक' म्हणून वावरत. कोणी विचारलेच, तर मूल नात्यातले आहे, घरच्यांसोबत आहे, हे उत्तर तयार असे. कुटुंबाच्या आडोशाने चालणारी मजुरी ओळखणे किती कठीण असते, याचा हा नमुना आहे. आपल्याकडे बालकामगार कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेबाहेर घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात मुलाने मदत करण्याची मुभा ठेवली, त्यावर जे आक्षेप घेतले गेले त्यांच्या मुळाशी हीच अडचण होती: 'घरचे' कोण, हे तपासायचे कोणी आणि कसे?

तळावरचे जीवन

उंटांचे तळ शहरापासून दूर, वाळवंटात असत. पत्र्याची खोपटी, जनावरांचे कुंपण, पाण्याची टाकी. आजूबाजूला वस्ती नाही, रस्त्यावरून जाणारा-येणारा नाही. मुलाला पळून जायचे म्हटले तरी जायचे कोठे, हा प्रश्न कुंपणापेक्षा अधिक पक्का पहारा देत होता. शर्यतींचा हंगाम थंडीच्या महिन्यांत असे, पण सराव आणि उंटांची निगा बारमाही चाले: पहाटे अंधारात उठणे, जनावरांना फिरवणे, चारा-पाणी, शेण काढणे.

वजन वाढू नये म्हणून मुलांना जाणूनबुजून कमी खायला देत, याविषयी सुटका झालेल्या मुलांच्या जबाबांत कमालीची एकवाक्यता आहे. थोडी बिस्किटे आणि पाणी यांवर दिवस काढल्याचे अनेकांनी सांगितले. नीट वाढणारे सहा वर्षांचे मूल साधारण वीस किलोचे असते. तळावर त्याची वाढ हाच दोष ठरत होता. येथे उपासमार होत होती ती दारिद्र्यामुळे नव्हे. ती कामाचाच भाग होती, आणि म्हणूनच 'निदान दोन घास तरी मिळतात' हे बालमजुरीचे नेहमीचे समर्थन येथे मुळातच गैरलागू ठरते.

शर्यतीच्या वेळी मुलाला वशिंडाच्या मागे बसवले जाई. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पायांना उंटाच्या रुंद पाठीवर पकड मिळत नाही, म्हणून त्याच्या कपड्याला आणि खोगिराला वेल्क्रोच्या पट्ट्या लावून त्याला चिकटवले जाई. पट्टी धरून राहिली तर मूल पडत नसे, पण उंटाच्या प्रत्येक हिसक्यासरशी ते खोगिरावर आपटत राही. पट्टी सुटली तर मागून येणाऱ्या उंटांच्या पायांखाली जाण्याचे भय. डोक्याला मार, हातापायांची मोडलेली हाडे आणि सततच्या आपटण्याने जननेंद्रियांना झालेल्या इजा यांच्या नोंदी आहेत. कतारमधील डॉक्टरांनी अशा जखमींविषयी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले आहे. जबाबांत मारहाणीचे आणि विजेचे झटके दिल्याचे उल्लेखही येतात.

कायदा: काय लिहिले होते आणि काय तपासता येत होते

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1999 साली स्वीकारलेला 182 क्रमांकाचा करार बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविषयी आहे. 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला तो मूल मानतो आणि मुलांची विक्री व तस्करी यांच्या जोडीनेच आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा नीतीला अपाय करणारे काम तत्काळ थांबवण्यास सांगतो. अमिरातीने तो 2001 साली मान्य केला. त्याच्या आधीच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी तस्करीविषयीचा पालेर्मो शिष्टाचार, म्हणजे जोडकरार, आला होता. त्यातील एक बारीक तरतूद या प्रकरणात फार मोलाची आहे: प्रौढ व्यक्तीच्या तस्करीत बळजबरी, फसवणूक किंवा अन्य गैरमार्ग सिद्ध करावा लागतो, मुलाच्या बाबतीत ते सिद्ध करण्याची गरज नाही. शोषणाच्या हेतूने मुलाला मिळवले, नेले, ठेवले किंवा स्वीकारले, एवढे पुरे. बापाने राजीखुशीने दिले, मूल हसत गेले, हे बचाव तेथे संपतात.

या पार्श्वभूमीवर 2002 सालचा अमिरातीचा नियम वाचला की विसंगती लगेच डोळ्यात भरते. 15 वर्षांखालील किंवा 45 किलोपेक्षा कमी वजनाच्या स्वारास 1 सप्टेंबर 2002 पासून मनाई, असे त्यात होते. म्हणजे आदल्याच वर्षी 18 ही मर्यादा मान्य केलेल्या देशाने या कामासाठी मर्यादा ठेवली 15 वर्षांची. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट तपासणीची. वयाचा पुरावा म्हणजे पासपोर्ट, आणि पासपोर्ट तर दलालानेच करून आणलेला. त्यावर जे वय लिहिले असेल तेच खरे मानले जाणार. उलट 45 किलोची अट खरोखर कामाची होती, कारण वजनकाट्याला खोटे बोलता येत नाही. सुरुवातीच्या रेषेपाशी एक काटा ठेवला असता तर पहिल्याच दिवशी बहुतेक स्वार उतरवावे लागले असते. तो ठेवला गेला नाही. शर्यतींचे आश्रयदाते, उंटांचे मोठे मालक आणि राज्याचा कारभार पाहणारी घराणी यांच्यात फारसे अंतर नसल्यावर तो कोण ठेवणार होते?

परिस्थिती हलली ती बाहेरच्या दाबाने. पाकिस्तानातील वकील आणि मानवी हक्क कार्यकर्ते अन्सार बर्नी, ब्रिटनमधील अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल आणि बांगलादेशातील महिला वकिलांची संघटना यांनी वर्षानुवर्षे जबाब आणि छायाचित्रे गोळा केली होती. 2004 साली एका अमेरिकी वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली तळांवरची दृश्ये दाखवली. जून 2005 मधील अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या वार्षिक तस्करी अहवालात अमिराती, कतार, कुवेत आणि सौदी अरेबिया हे चारही देश सर्वांत खालच्या श्रेणीत टाकले गेले. व्यापार आणि प्रतिमा यांना जपणाऱ्या राज्यांच्या हा वर्मी बसलेला घाव होता. तोवर अमिरातीने मे महिन्यात युनिसेफशी करार केला होताच. जुलैमध्ये 18 वर्षांखालील कोणालाही उंटांच्या शर्यतीत वापरण्यास मनाई करणारा, कैद आणि किमान 50,000 दिर्हम दंडाची तरतूद असलेला संघराज्याचा कायदा आला. कतारनेही त्याच वर्षी 18 वर्षांखालील मुलांची या कामासाठीची भरती, त्यांचे प्रशिक्षण आणि सहभाग यांवर कायद्याने बंदी घातली.

खोगिरावरची पेटी

या तिसऱ्या फेरीत कायदा कडक झाला हे खरे, पण तो टिकला याचे श्रेय मी निम्म्याहून अधिक एका यंत्राला देईन. कतारने स्वित्झर्लंडमधील के-टीम या कंपनीकडून रिमोटवर चालणारा यांत्रिक स्वार तयार करून घेतला आणि 2005 साली त्याच्यासह शर्यती झाल्या. सुरुवातीचे यंत्र जड आणि महागडे होते; उंट बिचकू नयेत म्हणून त्याला माणसासारखे रूप आणि जॉकीचे रंगीत कपडे दिले होते. थोड्याच काळात स्थानिक कारागिरांनी त्याची सोपी आवृत्ती काढली. बॅटरीवर चालणाऱ्या हातड्रिलची मोटार, तिच्या टोकाला फिरणारा छोटा चाबूक, मालकाचा आवाज उंटाच्या कानापर्यंत नेणारा वॉकी-टॉकी आणि हे सगळे खोगिराला बांधलेल्या पेटीत. वजन दोन-तीन किलो. मालक धावपट्टीला समांतर रस्त्यावरून मोटारीतून उंटाच्या बरोबरीने जातो, एका हाताने रिमोटची कळ दाबतो आणि वॉकी-टॉकीवर ओरडत राहतो.

दोन-तीन किलोची पेटी आणि पंधरा किलोचे मूल यांच्या तुलनेत पुढचे सगळे आले. ज्या कारणासाठी मूल हवे होते, त्याच कारणासाठी आता मूल नको झाले. उपाशी ठेवलेले मूलही या पेटीपेक्षा कितीतरी जड, शिवाय ते आजारी पडते, मोठे होते, पळून जाते, पकडले गेले तर तुरुंग दाखवते. एकट्या मालकाला मोठा स्वार बसवणे परवडत नव्हते, ही जी कोंडी होती तीही सुटली, कारण पेटी वापरणारा आता हरत नव्हता, जिंकत होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे: ही श्रीमंत खेळातली चैनीची युक्ती झाली, कापसाच्या शेतात किंवा अभ्रकाच्या खाणीत अशी पेटी कोठून आणणार? उत्तर असे की यंत्राचे अनुकरण करायचे नसून, प्रश्न विचारण्याची पद्धत उचलायची आहे. या मालकाला मुलाचे नेमके काय हवे आहे? लहान बोटे, कमी मजुरी, अरुंद भुयारात शिरणारे शरीर, की हूं की चूं न करणारा स्वभाव? प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळे येते आणि त्यानुसार उपायही बदलतो. स्वस्त मजुरी हवी असेल तेथे यंत्र कामाचे नाही, मोठ्यांना किमान वेतन मिळते की नाही हे तपासणारा निरीक्षक कामाचा. उंटांच्या प्रकरणात हवे होते ते फक्त हलके वजन, म्हणून तेथे पेटी चालली.

मायदेशी, पण कोणाच्या घरी

मुलांना तळांवरून काढणे हा सुटकेचा सोपा भाग ठरला. खरी कसोटी लागली ती मूल कोणाचे हे ठरवताना. तीन-चार वर्षांचे असताना आणलेले मूल आठव्या-नवव्या वर्षी सापडले, तर त्याला गावाचे नाव सांगता येत नाही, बापाचे खरे नाव ठाऊक नसते आणि मातृभाषाही बव्हंशी गेलेली असते. तळावर वेगवेगळ्या देशांचे मजूर आणि अरब प्रशिक्षक यांच्यात राहून त्याच्या तोंडी आलेली असते ती मोडकीतोडकी अरबी आणि चार भाषांची सरमिसळ. अशा मुलाशी बोलणाऱ्या कार्यकर्त्याला 'तू कोठला?' हा प्रश्न टाकून द्यावा लागतो. घराजवळ नदी होती का, रेल्वेचा आवाज येई का, आजीला काय म्हणून हाक मारायचास, अशा वाटांनी जावे लागते, आणि तेही एका बैठकीत उरकत नाही, कारण ज्या मोठ्या माणसांवर विश्वास ठेवला त्यांनीच येथवर आणून सोडले, हे मुलाला पुरते कळलेले असते.

अबुधाबीत निवारा केंद्र होते. तेथे मुलाखती, वैद्यकीय तपासणी, दूतावासांकडून प्रवासाचे कागद, मग विमान. युनिसेफशी झालेल्या कराराच्या पहिल्या टप्प्यासाठी अमिरातीने 27 लाख डॉलर दिले. सर्वाधिक मुले पाकिस्तानची होती आणि त्यांना लाहोरला पंजाब प्रांताच्या बालसंरक्षण व कल्याण ब्यूरोकडे दिले जाई. या ब्यूरोला 2004 सालच्या निराधार व दुर्लक्षित बालकांविषयीच्या प्रांतिक कायद्याचा आधार होता. हा योगायोग महत्त्वाचा आहे: वर्षभर आधी कायदाच नसता, तर विमानातून उतरलेले मूल थेट 'पालक' म्हणून पुढे येणाऱ्याच्या हाती गेले असते.

आणि पुढे येणारे कमी नव्हते. तळावरचे बनावट आईबाप मुलावर हक्क सांगत, दलाल नातेवाईक म्हणून हजर होत. म्हणून डीएनए चाचणीचा आधार घेतला गेला, न्यायालयामार्फत ताबा देण्याची पद्धत आली आणि मूल पुन्हा पाठवणार नाही असे लेखी हमीपत्र पालकांकडून घेतले गेले. बांगलादेशात गावपातळीवर समित्या नेमून परतलेल्या मुलांवर लक्ष ठेवण्याचा मार्ग स्वीकारला गेला. मला हा मार्ग हमीपत्रापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. हमीपत्र मोडले तर कळते ते मूल नाहीसे झाल्यावर. समितीतल्या शिक्षिकेला मात्र मूल चार दिवस शाळेत आले नाही हे पाचव्या दिवशी कळते.

ज्या आईबापांनी स्वतःच मूल दिले होते त्यांचे काय करायचे, यावर एकमत झाले नाही आणि होणे शक्यही नव्हते. शिक्षा केली तर मूल पुन्हा निराधार, आणि पुढच्या वेळी खरे पालकही पुढे येणार नाहीत. शिक्षा न करावी तर ज्या हातांनी विकले त्याच हातांत मूल परत. पाकिस्तानात 2002 पासून मानवी तस्करीविरुद्ध अध्यादेश होता, बांगलादेशात 2000 सालच्या कायद्यात मुलांच्या तस्करीला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती, तरी प्रत्यक्ष भर पडला तो मूल सुरक्षितपणे घरी वसवण्यावर. तडजोड म्हणून तो बरोबर होता, असे मी म्हणेन, मात्र त्यामुळे पालकांच्या आड लपून दलालही सुटले. तळांच्या मालकांपैकी आणि वाहतूक करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना शिक्षा झाली. 2006 साली फ्लोरिडातील न्यायालयात मुलांच्या वतीने दाखल झालेला दावा 2007 मध्ये अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाला. मूळ आरोपांची छाननी तेथे झालीच नाही.

डिसेंबर 2006 मध्ये युनिसेफ आणि अमिराती यांच्यातील दुसऱ्या टप्प्याचा करार झाला. त्यात 90 लाख डॉलरची तरतूद होती आणि न मिळालेली मजुरी व झालेल्या इजा यांबद्दलची भरपाईही धरलेली होती. भरपाई देणे म्हणजे हे काम होते, कष्ट होते आणि त्याचे पैसे थकले आहेत असे राज्याने मान्य करणे. तस्करीच्या प्रकरणांत हे सहसा घडत नाही. अडचण पुन्हा तीच: सात वर्षांच्या मुलाच्या नावाने आलेली रक्कम खर्च करणार बाप. ती शाळेवर जाईल की जुन्या कर्जात, यावर गावातली देखरेख हाच एकमेव अंकुश होता.

मोजणीतला फरक

एक गोष्ट हिशोबात बसत नाही. मुलांची संख्या काही हजार असावी, असा स्वयंसेवी संस्थांचा अंदाज होता. कार्यक्रमातून घरी गेली ती हजाराहून थोडी अधिक. अंदाज फुगवलेले असतील, हे शक्य आहे. पण बंदी जाहीर होताच काही मालकांनी आणि दलालांनी मुलांना गुपचूप परत धाडल्याचेही सांगितले गेले, आणि अशा मुलांच्या वाट्याला निवारा, चाचणी, भरपाई, शाळा यांपैकी काहीच आले नाही. बंदी लागू होण्याच्या तारखेआधी मुलांची नोंदणी पूर्ण केलेली नसेल, तर मालकाला सर्वांत स्वस्त पडणारा मार्ग म्हणजे पुरावा नाहीसा करणे, आणि येथे पुरावा म्हणजे मूलच असते. बांगलादेशच्या कापड कारखान्यांतून 1990च्या दशकात अमेरिकी कायद्याच्या केवळ धास्तीने मुले काढून टाकली गेली, तेव्हाही हेच घडले होते. त्यानंतर 1995 साली कारखानदार, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात आधी पाहणी, मग शाळेत जागा आणि त्यानंतरच कामावरून काढणे असा क्रम ठरवावा लागला. आखातात दहा वर्षांनी तोच क्रम पुन्हा उलटा लागला.

2010च्या सुरुवातीला अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलने अमिरातीतील एका शर्यतीत लहान मुले स्वार असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. मोठ्या, अधिकृत धावपट्ट्यांवर यंत्रे आली म्हणजे आडबाजूच्या शर्यती संपल्या असे नव्हे. इजिप्तमधील सिनाई भागात तर बेदुईन कुटुंबांतील मुले पुढेही उंट पळवत राहिली. तेथे दलाल नाही, पासपोर्ट नाही, बनावट आईबाप नाहीत. मूल घरचेच आहे आणि संध्याकाळी घरीच झोपते. 182 क्रमांकाच्या करारातील तस्करीचे कलम तेथे लागत नाही, धोकादायक कामाचे लागते. त्यामुळे अमिरातीत उपयोगी पडलेल्या साधनांपैकी परतपाठवणी, डीएनए चाचणी आणि विमानतळावरची तपासणी ही सर्व तेथे निरुपयोगी आहेत. तेथे पहावे लागते ते एवढेच, की शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर कोणी वजनकाटा आणून ठेवतो का, आणि ठेवला तर त्यावरचा आकडा वाचण्याचा अधिकार उंटाच्या मालकाकडे राहतो की बाहेरच्या माणसाकडे.